अण्णांचा मुदगल आणि नाहाचं गोजू-ऱ्यू

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी गॅलरीत बसून पेंटच्या रिकाम्या डब्यात सिमेंट कालवत होते. चार लिटरचा डबा, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला फावड्याचा दांडा, आणि दांड्याच्या खालच्या टोकाला आडवेतिडवे ठोकलेले पाच-सहा खिळे, कारण खिळे नसले तर सिमेंट दांडा धरत नाही आणि फिरवताना गोळा सुटून येतो. डबा निम्मा भरला, दांडा मधोमध सरळ राहावा म्हणून सुतळीनं ग्रिलला बांधला, आणि पुढचे आठ दिवस नव्या स्लॅबवर मारतात तसं रोज त्यावर पाणी मारलं. नवव्या दिवशी डबा कापून काढला. साधारण साडेचार किलोचा गोळा झाला होता, एका बाजूला जरा पोकळ राहिलेला, पण पक्का.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. ते आठ दिवस गॅलरीत येऊन डब्याकडे बघून जायचे, विचारायचे काही नाहीत. नवव्या दिवशी विचारलं, "काय म्हनायचं ह्याला?" मी म्हटलं, ची-इशी, ओकिनावाच्या कराटेतलं आहे, मनगट आणि खांद्यासाठी. त्यांनी तो एका हातानं उचलला, दोन-तीनदा तोलून बघितला, कोपर कानाशी नेलं आणि गोळा डोक्यामागून पाठीवर सोडून दुसऱ्या खांद्यावरून पुढं आणला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कुठेही न अडखळता.

"ह्यो मुदगलच की गं," म्हणाले. "जरा हलका हाय."

आमचं गाव सांगलीजवळचं, नदीकाठचं. तालीम मारुतीच्या देवळाला लागून. आत लाल मातीचा हौदा, मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं, त्याचा वास दारापर्यंत यायचा. दारापर्यंत म्हणते कारण माझी हद्द तिथपर्यंतच होती, पोरींनी उंबरा ओलांडायचा नाही. मी अण्णांसाठी दुधाचा तांब्या घेऊन जायची आणि बाहेर उभी राहायची, आणि तिथून आत भिंतीला टेकवलेले मुदगल, करेल, कोपऱ्यातला दगडी नाल दिसायचा. कोण किती जोर मारतोय, वस्ताद कुणाच्या मानेवर थाप मारून काय सांगतायत, कुणाची पकड सुटली, सगळं मला पाठ होतं. हात मात्र कशालाच लागला नाही कधी. त्यामुळे अण्णा त्या दिवशी जे सहज बोलून गेले ते मला दिवसभर पुरलं.

मी कराटेत आले ते मुलीमुळे. ती सात वर्षांची होती, सोडायला-आणायला मीच जायचे, मग कळलं की मोठ्यांचीही बॅच आहे म्हणून नाव घातलं. त्या क्लासमध्ये दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग, दर ग्रेडिंगची वेगळी फी, आणि बेल्टचा रंग बदलला तरी अंगात काही बदलल्यासारखं मला वाटेना. दोन बेल्ट झाल्यावर थांबले. मुलगी बॅडमिंटनकडे गेली. वर्षभरानं एका मैत्रिणीनं तिच्या सेन्सेईंकडे, म्हणजे कराटेच्या गुरूंकडे नेलं, शाळेच्या हॉलमध्ये आठ-दहा जणांचा डोजो, म्हणजे त्यांची तालीमच, गोजू-ऱ्यू या कराटेच्या शैलीचा. सेन्सेईंनी माझा बेल्ट बघितलाच नाही. म्हणाले, उभ्या राहा. उभी राहिले. खांद्यावर दोन बोटं ठेवून म्हणाले, इथे श्वास अडकलाय, तो खाली न्या.

पुढचे सहा महिने जवळपास सांचिन एवढंच. सांचिन हा एक काता आहे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्यानं करायचा क्रम, नावाचा अर्थ तीन लढाया, शरीर, श्वास आणि मन असं साधारण समजावतात. पाय खांद्याएवढे फाकलेले, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याच्या रेषेत, पावलं किंचित आत वळलेली, गुडघे आत, माकडहाड खाली ओढलेलं, कोपरं बरगड्यांपासून मुठीएवढ्या अंतरावर, आणि खांदे खाली. नाकानं श्वास घ्यायचा, बेंबीच्या चार बोटं खाली नेऊन ठेवायचा, मग तोंडानं आवाज करत सोडायचा आणि त्या श्वासाबरोबरच मूठ पुढे न्यायची, आधी नाही आणि नंतर नाही. लिहायला पाच ओळी लागल्या. करायला लागले तेव्हा तिसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागल्या आणि मला स्वच्छ आठवतंय की मी मनात म्हटलं, हे तालमीतलं आहे, हे मला माहिती आहे.

तेव्हापासून मी गोजू-ऱ्यूबद्दल मिळेल ते वाचतेय.

ही सगळी कथा नाहा नावाच्या बंदरातून सुरू होते. ओकिनावा तेव्हा जपानचा भाग नव्हता, तिथे ऱ्यूक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं, राजाचा वाडा शुरीच्या टेकडीवर आणि खाली समुद्राला नाहा. चीनच्या फुजियान प्रांतातल्या फुझोऊ शहराशी जहाजांची कायम ये-जा, नाहाच्या कुमे भागात चिनी घराणी १४व्या शतकापासून वसलेली. १६०९ साली जपानच्या सात्सुमा सरदारांनी स्वारी करून राज्य आपल्या पंजाखाली घेतलं पण चीनशी व्यापार चालू ठेवू दिला कारण त्यात त्यांचाच फायदा होता, आणि शेवटी १८७९ मध्ये जपाननं राज्यच खालसा केलं. साताऱ्याची गादी इंग्रजांनी खालसा केली त्याला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती, आणि ऱ्यूक्यूच्या राजाला वाडा सोडून तोक्योला जावं लागलं हे वाचताना मला प्रतापसिंह महाराज आठवतात, काशीला धाडलेले.

तिथले लोक त्यांच्या या विद्येला नुसतं 'ते' म्हणायचे. ते म्हणजे हात. नाहाची ती नाहा-ते, शुरीची शुरी-ते, तोमारीची तोमारी-ते, ही नावंसुद्धा बरीच नंतरची. शैली, संस्था, बोधचिन्ह असलं काही नाही. कोणाकडे जातोस? अमक्याकडे. काय शिकतोस? हात. आपल्याकडेही अमक्या वस्तादांचा पठ्ठा एवढी ओळख पुरायची.

त्या नाहात १८५३ साली हिगाओन्ना कानऱ्यो जन्माला आले. घरचा धंदा सरपणाचा, जवळच्या केरामा बेटांवरून होडीनं लाकूड आणून नाहात विकायचं. अंगानं लहानखुरे पण पायानं पक्के. तरुणपणी ते जहाजानं फुझोऊला गेले आणि तिथे एका गुरूकडे राहिले, ओकिनावाच्या परंपरेत त्या गुरूंचं नाव ऱ्यू ऱ्यू को असं सांगतात. गुरूच्या घरी पडेल ते काम करायचं आणि शिकायचं, आणि शिकायचं म्हणजे मुख्यतः सांचिन. काही वर्षांनी परत आले ते पुन्हा सरपणाच्या धंद्यात, आणि जे थोडे विद्यार्थी घेतले त्यांना वर्षानुवर्षं सांचिनच करायला लावलं. माझ्या सहा महिन्यांची तिथे कुणी गोष्टही काढली नसती. आधी हा काता उघड्या तळव्यांनी करायचे, पुढे १९०५ च्या सुमारास नाहाच्या व्यापारी शाळेत मुलांना शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मुठी मिटवल्या, असं सांगितलं जातं.

महाराष्ट्रात कराटे शिकणाऱ्या पुष्कळांनी शितो-ऱ्यूचं नाव ऐकलेलं असतं. त्यातला 'तो' हिगाओन्नांच्याच नावातल्या अक्षराचा, त्यांचे शिष्य माबुनी केनवा यांनी आपल्या दोन गुरूंच्या नावांची अक्षरं जोडून शैलीचं नाव केलं. म्हणजे कित्येक मुलं रोज त्या लाकूडवाल्याचं नाव घेतात आणि त्यांना ते सांगितलेलं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोजू-ऱ्यूला पुढे ते नाव देणारे मियागी चोजुन १४ वर्षांचे असताना हिगाओन्नांकडे आले. जन्म १८८८ चा, घर श्रीमंत व्यापाऱ्याचं, कराटेवर पोट भरायची गरज कधीच नव्हती, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांना एकाच गोष्टीला इतकी वर्षं देता आली. १९१५ मध्ये गुरू वारले. त्याच सुमारास मियागी स्वतः फुझोऊला गेले, गुरूच्या गुरूचा माग काढत, पण ती पिढी संपून गेली होती. परत येऊन त्यांनी १९२१ च्या आसपास तेन्शो नावाचा काता बसवला. सांचिनमध्ये मूठ मिटलेली, तेन्शोमध्ये तळवा उघडा आणि मनगट सारखं फिरतं, पाण्यात हात घालून गाळ बाजूला सारावा तसं. पाय तेच, श्वास तोच. आमचे सेन्सेई दोन्ही एकापाठोपाठ करायला लावतात, आणि सांचिननंतर तेन्शो करताना पहिल्या दोन-तीन श्वासांत हात अक्षरशः हलके होऊन वर येतात.

आता नावाची गोष्ट. १९३० च्या सुमारास तोक्योत मोठं युद्धकलांचं प्रदर्शन होतं, मियागींनी आपला सगळ्यात जवळचा शिष्य शिन्झातो जिनआन याला पाठवलं. त्यानं काता करून दाखवला आणि नंतर कुणीतरी सहज विचारलं, तुमची शैली कुठली? शिन्झातोकडे उत्तरच नव्हतं, कारण नाहात हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, तिकडे जपानात मात्र तलवार असो की जुजुत्सु, प्रत्येकाला घराण्याचं नाव. तो वेळ मारून न्यायला म्हणाला, हान्को-ऱ्यू, अर्ध-कठीण शैली. घरी येऊन गुरूंना सांगितलं. मियागी चिडले नाहीत, विचारात पडले, आणि त्यांनी नाव काढलं ते बुबिशी या पुस्तकातून. बुबिशी म्हणजे हातानं नकलून घेतलेलं जुनं चिनी बाड, औषधं, मर्मस्थानं, डाव, सगळं त्यात एकत्र, ओकिनावातले उस्ताद लोक ते एकमेकांकडून उतरवून घेऊन जपून ठेवायचे. त्यात आठ ओळींची एक कविता आहे. पहिली ओळ म्हणते माणसाचं मन आणि आकाश-धरती एकच आहेत, दुसरी म्हणते रक्ताचं फिरणं सूर्य-चंद्रासारखं आहे. तिसऱ्या ओळीत पाच अक्षरं, हो गो जू दोन तो. हो म्हणजे रीत, गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ (जुदोतला 'जू' तोच), दोन म्हणजे गिळणं, तो म्हणजे थुंकणं, बाहेर टाकणं. रीत अशी, की कठीण आणि मऊ गिळावं आणि बाहेर सोडावं. मियागींनी मधली दोन अक्षरं उचलली आणि गोजू-ऱ्यू झालं. १९३३ मध्ये दाई निप्पोन बुतोकुकाई या जपानच्या मध्यवर्ती संस्थेत त्याची नोंदही झाली.

मला हे नाव फार आवडतं पण त्याबद्दल एक गोष्ट मी खूप दिवस मनात घोळवतेय. नावात विशेषणं राहिली आणि क्रियापदं गळाली. कठीण आणि मऊ हे शब्द भिंतीवरच्या पोस्टरवर येतात, मग लोक समजतात की पंच कठीण आणि ब्लॉक मऊ, किंवा तरुणपणी कठीण आणि म्हातारपणी मऊ, किंवा निम्मं असं निम्मं तसं, दाल-चावलसारखं. मीसुद्धा पहिली दोन-तीन वर्षं तसंच समजत होते. पण कवितेत मुख्य काम गिळणं आणि थुंकणं करतायत. घेतलं, आत नेलं, सोडलं. समोरच्याचा धक्का आला तो अंगावर थोपवायचा नाही, श्वासासारखा आत येऊ द्यायचा आणि तुमच्या पायातून जाऊन तुमच्याच हातातून परत निघू द्यायचा. डोजोत जोडीदाराबरोबर काकिए म्हणून सराव असतो, मनगटाला मनगट लावून ढकलायचं आणि ओढायचं, गोल गोल. ज्या दिवशी मी ताकद लावते त्या दिवशी माझ्याहून वीस किलो जड असलेला मुलगा मला सहज भिंतीपर्यंत नेतो. ज्या दिवशी त्याचं ढकलणं नुसतं आत घेते त्या दिवशी त्याचंच पाऊल पुढे पडतं. असे दिवस महिन्यातून दोन-तीन येतात.

अण्णांना मी हे सांगितलं तर त्यांना त्यात काहीच नवीन वाटलं नाही. "ताठला तो पडला," म्हणाले. "आमचं वस्ताद म्हनायचं, अंग सोडून खेळ."

मियागींच्या शिकवण्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे जी आजच्या क्लासवाल्यांना पटणार नाही. ते प्रत्येकाला सगळे काता शिकवत नव्हते. आधी पायाभूत व्यायाम, साधनं, मग सांचिन, आणि मग माणसाची चण आणि स्वभाव बघून एखाद-दुसरा काता, कुणाला सेसान, कुणाला सेपाई, कुणाला शिसोचिन. एवढ्यात आयुष्य काढायचं. आपल्याकडे म्हण आहे की वस्ताद एक डाव राखून ठेवतो, तर सुरुवातीला मला वाटलं हे तसलंच असणार. आता तसं वाटत नाही. डाव राखणारा वस्ताद स्वतःसाठी राखतो. इथे दर्जी जसा अंगाचं माप घेतो तसं माप घेऊन दिलंय. पण याची किंमत पुढे मोजावी लागली. १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये मियागी पासष्टाव्या वर्षी गेले तेव्हा प्रत्येक शिष्याकडे परंपरेचा आपापला तुकडा होता, आणि खरा वारस कोण यावरून वेगवेगळ्या शाखा झाल्या, त्या आजही एकाच कात्यातलं एक पाऊल वेगळं टाकतात. आणि दान म्हणून जी ब्लॅक बेल्टची पायरी असते ती त्यांनी कधी कुणालाही दिली नाही. ही पद्धत जुदोच्या कानो जिगोरोंची, आणि मियागींना ती चांगली ठाऊक होती, कानो १९२७ मध्ये ओकिनावाला आले तेव्हा त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक मियागींनीही दिलं होतं. ठाऊक असून नाही दिली. माझे दोन जुने बेल्ट मी कपाटात ठेवलेत, टाकवत नाहीत आणि बांधवतही नाहीत.

तरी मियागींना सोवळं मानणारे लोक एक गोष्ट विसरतात, गेकिसाई. १९४० साली ओकिनावाच्या गव्हर्नरनं समिती नेमली, की शाळेतल्या मुलांना आणि सामान्य लोकांना जमतील असे सोपे काता करा. मियागींनी गेकिसाईचे दोन काता केले. मुठी, लाथ, सरळ रेषा, ठळक हालचाली, दीडेक महिन्यात कुणालाही येतील. काही जाणकार म्हणतात की ही तडजोड होती, युद्धाचे दिवस होते आणि शाळांमधून सैनिक घडवायचे होते, आणि नावाचा अर्थही फोडून नष्ट करणे असा आहे. काळाची ती सावली मला नाकारता येत नाही. पण मी गेकिसाईवरच वाढलेय. शाळेच्या हॉलमध्ये शनिवारी लहान मुलांच्या बॅचला मी मदत करते, तिथे आठ वर्षांचा मुलगा पहिल्यांदा पूर्ण गेकिसाई करून शेवटचा डबल पंच मारून थांबतो, धापा टाकत, आणि आपल्या मुठीकडे बघतो. सांचिन त्याला आत्ता देऊन उपयोग नाही, आणि दारात तर उभं ठेवायचं नाही. मियागींनी उंबरा थोडा खाली केला, असं मी समजते, आणि मी उंबऱ्याबाहेर उभी राहिलेली आहे म्हणून मला त्याची किंमत कळते.

मग युद्ध आलं. १९४५ चा एप्रिल ते जून, अमेरिकन फौज ओकिनावावर उतरली आणि जवळपास तीन महिने बेट जळत राहिलं. लाखाच्या वर तिथली सामान्य माणसं मेली. आज बेटाच्या दक्षिण टोकाला काळ्या दगडांच्या भिंतींवर दोन लाख चाळीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, दोन्ही बाजूंची, सैनिकांची आणि गावकऱ्यांची एकत्र. मियागींची तीन मुलं त्या युद्धात गेली. शिन्झातोही गेला, ज्याच्या चटकन दिलेल्या उत्तरातून नाव जन्माला आलं आणि ज्याच्याकडे सगळी विद्या सोपवायची होती तो.

त्यानंतर हा माणूस काय करतो तर पोलिसांना शिकवतो आणि नाहाच्या त्सुबोया भागात आपल्या घराच्या अंगणात पुन्हा मुलं गोळा करतो. छप्पर नाही, लाकडी जमीन नाही, नुसतं अंगण. त्सुबोया ही कुंभारांची आळी, १६८२ मध्ये राजानं बेटावरच्या भट्ट्या एका जागी आणल्या तेव्हापासूनची. गोजू-ऱ्यूचं एक साधन आहे निगिरी-गामे, मातीचे दोन रांजण, काठ बोटांच्या टोकांनी धरून उचलायचे आणि सांचिनची पावलं टाकत चालायचं, जमेल तशी आत वाळू भरत जायची. ते अंगण कुंभारांच्या शेजारी होतं हे मी वाचलं तेव्हा मला का कुणास ठाऊक फार बरं वाटलं. सगळं फुटलेलं असताना पलीकडे कुणीतरी चाक फिरवतंय.

मियागींचं म्हणून एक वचन सांगतात, की दुसऱ्याचा मार खायचा नाही, दुसऱ्याला मारायचं नाही, काही घडूच नये हे मूळ. पूर्वी मला हे शाळेतल्या सुविचारासारखं वाटायचं. तीन मुलं गेलेल्या माणसाच्या अंगणात ते ठेवून बघितलं आणि परत कधी तसं वाटलं नाही.

इथे बोधिधर्मांबद्दलही लिहायला हवं, कारण आपल्याकडच्या बहुतेक डोजोंत पहिल्याच आठवड्यात सांगतात की कराटे भारतातूनच गेलं, दक्षिणेतल्या एका राजपुत्रानं शाओलिनच्या भिक्षूंना शिकवलं. बोधिधर्म भारतातून चीनला गेले ही आठवण झेन परंपरेत खोल आहे आणि मला ती प्रिय आहे, पण व्यायामाशी त्यांचं नाव जोडणारं पुस्तक १७व्या शतकातलं, म्हणजे त्यांच्यानंतर हजार वर्षांनी आलेलं. अभिमानासाठी नाहाच्या लाकूडवाल्याचं श्रेय आपण घेऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. आपलं काही खरंच तिकडे पोचलं असेल तर ते दुसरीकडे दिसतं. गोजू-ऱ्यूचा सगळ्यात मोठा काता सुपारिनपेई, त्या नावाचा अर्थ १०८. सेपाई म्हणजे १८, सानसेरू म्हणजे ३६. जपानच्या देवळांत वर्षाच्या शेवटच्या रात्री घंटा १०८ वेळा वाजवतात, माणसाच्या १०८ वासनांसाठी, आणि आमच्या आजीच्या तुळशीच्या माळेत १०८ मणी होते. बौद्ध धर्माबरोबर हा आकडा केवढा लांब चालत गेलाय. सुपारिनपेई मला अजून दिलेला नाही. मी मागितलाही नाही.

अण्णांना यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. मियागी १९३४ मध्ये हवाई बेटांवर गेले होते, तिथे स्थायिक झालेल्या ओकिनावाच्या लोकांनी बोलावलं म्हणून, आणि तिथे त्यांनी कुस्तीगीरांना लोखंडाचा एक मोठा लांबट कडा घेऊन मेहनत करताना बघितलं. परत येऊन तो प्रकार त्यांनी आपल्या सरावात घेतला, त्याचं नाव कोंगोकेन, आजही नाहाच्या जुन्या डोजोंत असतो. "म्हंजे पैलवानांकडनं घेतलं," अण्णा म्हणाले, आणि त्या दिवशी जेवताना जावयालाही त्यांनी ते सांगितलं, आणि संध्याकाळी खाली बाकावरच्या मंडळींनाही.

सांचिनची परीक्षा घ्यायची एक पद्धत असते, शिमे म्हणतात. तुम्ही काता करत असता आणि सेन्सेई मागून फिरत असतात, खांद्यांवर दोन्ही तळव्यांनी थाप मारतात, काखेखालचा स्नायू चिमटीत धरून बघतात, मांडीला पायानं ठोकतात, की अंग एकसंध आहे का, कुठे भोक राहिलंय का. बघणाऱ्याला मारहाण वाटते. खरं तर ते हातानं ऐकणं आहे. चांगल्या सेन्सेईंची थाप बसली की नेमकी तीच जागा जागी होते जिथे तुम्ही झोपला होता.

गेल्या दिवाळीच्या आसपास अण्णा आजारी होते, छातीत कफ, पंधरा दिवस पडून. बरे झाले पण आवाज बसला आणि चालणं कमी झालं. एका सकाळी मी गॅलरीत सांचिन करत होते आणि ते खुर्चीवर चहाची वाट बघत बसले होते. तिसऱ्या पावलाला मला मागे चाहूल लागली. ते उठून माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांना शिमे वगैरे माहिती नाही, मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी तळवा माझ्या उजव्या खांद्याच्या फऱ्यावर ठेवला, मारला नाही, नुसता ठेवला, वजन देऊन. तळवा अजून जड आहे त्यांचा.

"हितं धरून ठिवलंयस," म्हणाले.

मी श्वास आत घेतला, खाली नेला, आणि सोडताना त्यांच्या हाताखालची जागा ढिली झाली, मला कळलं आणि त्यांनाही कळलं. हात तिथून खाली कंबरेच्या वर आला. "आता हितं." परत श्वास. मग डावीकडे. असं त्यांनी पाठभर फिरवलं, एक शब्दही वाया न घालवता, आणि त्यांचा स्वतःचा श्वास मला मानेजवळ ऐकू येत होता, अजून थोडा घरघरता, माझ्या श्वासाबरोबर सुटणारा.

मग म्हणाले, "पाय असं आत का वळिवल्यात? कुस्तीत न्हाई असं," आणि मी त्यांना कठड्याला धरून उभं केलं आणि त्यांची पावलं माझ्या हातांनी आत वळवून दाखवली.